अण्णाजींनी कंपनी विकली

शतायू कुकर कंपनीचे साठ शेअर अण्णाजींच्या नावावर होते, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस आंजी गावात शोधूनही सापडला नसता.

अण्णाजी म्हणजे वर्ध्याच्या कापूस बाजारातले, कापसाची प्रत ठरवणारे निवृत्त ग्रेडर. वरचा कापूस पाहून भुलायचं नाही, गाडीच्या बुडापर्यंत हात घालायचा, ही त्यांची उभ्या जन्माची शिस्त. शेअरही ते तसेच घेत. टीव्हीवरच्या टिपांना त्यांच्या घरात थारा नव्हता. वार्षिक अहवाल शेवटच्या पानापासून वाचायचा, कर्ज किती, नफा खरा की कागदावरचा, हे पाहायचं आणि तरीही वर्षभर थांबायचं. शतायूवर कर्ज नव्हतं, खर्च उतरत होता, नफा चढत होता. म्हणून येत्या सोमवारी बँकेतली सगळी ठेव मोडून शतायूत घालायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ठेव नवरा-बायको दोघांच्या नावावर. आनंदाबाईंची सही तेवढी राहिली होती.

घोळ झाला पानठेल्यावर. "शेअर म्हणजे काय असते जी?" ठेलेवाल्या डोमाजीनं विचारलं आणि अण्णाजींची मान ताठ झाली.

"शेअर म्हणजे मालकी. मी त्या कंपनीचा मालक आहो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या शोभाबाई कुकर घेऊन दारात उभ्या.

"भाऊजी, तुमच्या कंपनीचा हाय. दांडाच हातात आला पाहा."

"वर्ध्याले दुकानात दाखवा ना."

"घरापाशी मालक असताना वर्ध्याले काऊन जाऊ?"

मालक नाही म्हणावं तर पानठेल्यावरचा शब्द जातो. अण्णाजींनी कुकर ठेवून घेतला. मग धुरपताबाई आल्या, डोमाजीची सून आली, आणि शनिवारपर्यंत घरापुढच्या छपरीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. रविवारी मालक स्वखर्चानं वर्ध्याहून दांडे, रबर, शिट्ट्या आणून स्क्रू पिळत बसले.

पिळता पिळता त्यांच्यातला ग्रेडर जागा झाला. जुन्या कुकरांचं फक्त रबर गेलं होतं. नवे मात्र सगळे एकाच जागी, दांड्याच्या मुळाशी मोडलेले. त्यांनी जुना दांडा तळहातावर तोलला, मग नवा. नवा हलका आणि आतून पोकळ होता. कुकर उलटा करून त्यांनी बुडावर कोरलेलं साल पाहिलं, आत जाऊन अहवाल आणला. खर्च उतरू लागला तो त्याच सालापासून. ज्या नफ्यावर ते इतके दिवस मान डोलवत होते, तो या दांड्यांतून काढलेला होता.

"अवो, सही करू नको," असं म्हणत ते छाती काढून स्वयंपाकघरात शिरले. "ठेव मोडाची नाई. बुडापर्यंत हात घातला म्या. कंपनी पोकळ आहे."

आनंदाबाई बिनदांड्याचा कुकर फडक्यानं धरून उतरवत होत्या. कुकर शतायूचाच होता.

"मले दिवाळीपासून ठाऊक हाय. दांडा तुटला म्हणून कितीदा सांगतलं. तुमी म्हणे, चूप राह्य, मी कंपनी पाहून राह्यलो."

"मंग सही कराले काऊन तयार झाली?"

"कोण तयार झालं? पेन सापडत नाई, पेन सापडत नाई, असं आठ दिवसांपासून मी काय उगाच म्हणून राह्यली?"

अण्णाजींनी स्क्रूपिळणी घेतली आणि आधी घरच्या कुकरला दांडा बसवला.

सोमवारी त्यांनी साठही शेअर विकले. संध्याकाळी शोभाबाई बहिणीचा कुकर घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून सांगितलं, "मी आता मालक नाई. विकून टाकलं."

दिवेलागणीला ते पानठेल्याकडे गेले, तर डोमाजी वर्ध्याच्या पाहुण्याला ऐटीत सांगत होता, "आमच्या गावचा माणूस पाहा कसा. दांडे बराबर नव्हते, तर अख्खी कंपनी विकून टाकली अण्णाजीनं."

सगळे वळून पाहू लागले. खरं काय ते सांगून टाकावं, असं अण्णाजींच्या मनात आलं. पण मान आपोआप ताठ झाली.

"म्या एकट्यानं नाई विकली," ते म्हणाले. "खोट आधी मालकिणीनं पाह्यली होती."