म्हात्रेकाकांचा होल्ड

कॅमेरा चांगला की वाईट हे सुकटीला विचारायचं असतं, हे मला आमच्या शेजारच्या म्हात्रेकाकांनी शिकवलं. ताटात मूठभर सुकट पसरायची, फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर मोठा करायचा आणि त्या वाळक्या कोलंबीचे डोळे मोजायचे. "डोले मोजता आले तं लेन्स खरी. नायतं डबा!"

काका मूळचे करावे गावचे. शिरवण्याजवळच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार माल तपासला. नोकरी संपली, पण तिथले शिक्के डोक्यातून गेले नाहीत. जावई पास, सोसायटीचा सेक्रेटरी रिजेक्ट. ज्याचं काहीच ठरत नाही तो होल्ड. मी आठ वर्षं होल्डवर आहे.

मुलीने त्यांना वाढदिवसाला कॅमेरा दिला. खिशात मावेल एवढाच, पण हौशी माणसाला वेड लावणारं सगळं त्यात. मलाही तोच घ्यायचा होता. वाशीला जाऊन दुकानदार कंटाळेपर्यंत हाताळूनही आलो होतो. पण घरात फर्मान निघालं, "काका पास म्हणाले तरच." माझ्या बायकोचा माझ्यापेक्षा काकांवर विश्वास जास्त.

"काका, झालं का?"

"घाई नाय करायची, कुलकर्नीसायेब. एक पीस बगून आपुन लॉट पास करत नाय."

सुकट पहिल्याच आठवड्यात पास झाली. मग दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांचे फोटो निघाले, फोटोत दोरी वाकडी येते का ते बघायला. मग जिन्यातला दिवा बंद करून अंधारातले फोटो. "बगा, रवा पडला नाय." म्हणजे अंधारातही फोटो दाणेदार आला नाही. त्या नादात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी किंचाळल्या, तेही काकांनी आपल्या तपासणीच्या रजिस्टरमध्ये नोंदवलं.

राहिली एकच टेस्ट, कातडीच्या रंगाची. नमुना म्हणून काकी. रोज दुपारी चार वाजता, बाल्कनीतली तीच खुर्ची, तोच उजेड. काकींच्या पायाला भिंगरी. भजनी मंडळ, नातवाची शाळा, गावातल्या हळदी. पण चारच्या ठोक्याला त्या खुर्चीत हजर.

या टेस्टला पाच महिने झाले. माझा धीर सुटला. एका दुपारी काका चहा टाकायला आत गेले आणि मी त्यांचं रजिस्टर उघडलं.

'रंग बरोबर. फोकस बरोबर. नाकातली फुली जास्त चमकली. होल्ड.'

'रंग बरोबर. नमुना मधेच बोलला. होल्ड.'

'नमुना हसला. फार छान. पुन्हा खात्री करणे. होल्ड.'

मान वर केली तर काका समोर, हातात दोन कप. चोरी माझी पकडली गेली होती, पण ओशाळले ते.

"चालीस वर्सं मी शिफ्टला न ती घरी," ते हळूच म्हणाले. "आता मी घरी, तं ती गावत नाय. पास केला तं चार वाजता माझ्यासमोर कोन बसल?"

आठ वर्षं ज्यांची टिंगल केली ते हेच काका.

तेवढ्यात काकी आल्या. पदर सारखा करून खुर्चीत बसल्या. काकांनी फोटो काढला, बराच वेळ बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "एकदम बरोबर हाय. तुमी कवाचे थांबलाव, सायेब. आज लिवतो." त्यांनी पेन उघडलं. 'पा' लिहून झाला.

काकींनी वाकून रजिस्टरात पाहिलं.

"कसला पास? मी हालले ना!"

"नाय हाललीस."

"हालले म्हन्ते ना! खोडा तो. उद्या परत घ्या."

काकांनी 'पा' खोडला. इतक्या आनंदाने खोडलेलं अक्षर मी दुसरं पाहिलेलं नाही.

घरी गेलो तर बायकोने विचारलं, "काय झालं कॅमेऱ्याचं?"

"अजून होल्डवर आहे," मी म्हटलं. "राहू दे."