बाय द टाइम साहेब आले

केडगावच्या सत्यवान साळव्यानं एके दिवशी ठरवलं, आता इंग्रजी बोलायचं. रांजणगावच्या ज्या कारखान्यात तो बारा वर्षं नटबोल्ट आवळत होता, तिथं सुपरवायझरची जागा निघाली होती, आणि इंग्रजीवाल्यालाच ती मिळणार अशी कँटीनमध्ये पक्की बातमी होती. (कँटीनच्या बातमीवर सत्यवानाचा बायबलच्या खालोखाल विश्वास.)

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून पंधरा दिवसांत त्याच्या तोंडात एक शब्दप्रयोग बसला, तो असा बसला की उठेचना. ‘बाय द टाइम’. बाय द टाइम मी स्टेशनला पोचलो, गाडी गेली होती. बाय द टाइम लाइट आली, पाणी गेलं होतं. शेजारच्या झुंबरबाईंचा सासरा वारला, तर मयताला जाऊन हा सांत्वन करतोय, “बाय द टाइम डॉक्टर आले, म्हातारा हॅड गॉन!”

खरं तर घरातच बायको होती. लिडिया गावातल्या दहावीच्या पोरींना इंग्रजी शिकवायची. पण तिला विचारायचं? नवरा म्हणून काही इभ्रत असते माणसाला!

माणसं निवडायचं काम मुखर्जी साहेबांकडं होतं. सत्यवानानं त्यांना बायकोसकट रविवारी जेवायला बोलावलं. लिडियानं त्या दिवशी चर्चलाही दांडी मारली. सकाळपासून दोन गावरान कोंबड्या, बाजरीच्या भाकरी आणि साहेब बंगाली म्हणून मुद्दाम माशाचं कालवण. घामानं ती निथळत होती. सत्यवान टेबलावरची फुलं उजवीकडून डावीकडं ठेवत होता.

साडेबाराला साहेबांचा मेसेज आला. शिक्रापूरला ट्रकांच्या गर्दीत अडकलोय, दीड वाजेल.

“बरंच झालं,” लिडिया आतून म्हणाली. “त्यांना कळवा, तुम्ही येईपर्यंत आमचं जेवणाचं उरकलेलं असंल. आन् मला दाखवून पाठवा.”

‘येईपर्यंत’! सत्यवानाला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. देवानंच संधी पाठवली होती. त्यानं टाइप केलं, ‘नो प्रॉब्लेम सर. बाय द टाइम यू रीच, वी विल हॅव फिनिश्ड लंच.’ दाखवायचं कशाला? पाठवून टाकलं.

‘अंडरस्टुड,’ साहेबांचं उत्तर आलं.

“बघ,” सत्यवान म्हणाला, “एका झटक्यात समजलं त्यांना!”

साहेब आणि मॅडम अडीचला आले. चेहरे जरा ओढलेले. लिडियानं ताटं मांडायला घेतली, तसे साहेबांनी हात जोडले.

“नो नो, हम लोग चौफुला में खाके आया. मिसल. बहुत तीखा था.”

“का बरं?” सत्यवानाला कळेना.

“आपने ही तो लिखा!” साहेबांनी मोबाइल पुढं केला.

लिडियानं वाचलं. मग नवऱ्याकडं बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण ही नजर सत्यवानाला नवीन होती.

“अहो, ‘तुम्ही पोचाल तवर आम्ही जेवून मोकळे झालेले असू’, असं कळवलंय तुम्ही पाहुण्याला!”

“न्हाई गं, फिनिश म्हंजी उरकलेलं...”

“स्वयंपाक उरकायचा होता, जेवण न्हाई!”

सावरायला म्हणून सत्यवान साहेबांकडं वळला. “सर, डोंट वरी. बाय द टाइम यू ईट, यू विल हॅव गॉन!”

मॅडमनी पर्स उचलली.

“तुम्ही गप बसा,” लिडिया म्हणाली, आणि स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत तिनं सगळा घोळ उलगडून सांगितला. ‘बाय द टाइम’नंतर काय येतं, त्याच्या आधी काय संपलेलं असतं, आणि आपल्या नवऱ्याचं नेमकं काय राहून गेलंय, हेही. आधी मॅडमना हसू फुटलं, मग साहेबांना. हसता हसता साहेब कालवणाच्या वासानं ताटावर बसले, आणि मिसळीवरही त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. सत्यवानाचा जीव भांड्यात पडला. जागा आपलीच!

जागा बुधवारी दुसऱ्यालाच मिळाली. मात्र साहेबांनी लिडियाला कारखान्यात बोलावलं, दर शनिवारी कामगारांना इंग्रजी शिकवायला. विद्यार्थ्यांच्या यादीत पहिलं नाव साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, सत्यवान साळवे.

पहिल्याच तासाला त्याला सगळ्यांदेखत बाकावर उभं राहावं लागलं. घरी आल्यावर तो भडकला.

“मला बाकावर उभं करतीस? ही काय पद्धत झाली?”

लिडिया वह्या तपासत होती. तिनं मान वर न करता सांगितलं,

“तक्रार असंल तर पुढच्या शनिवारी पालकांना घेऊन या.”