चौकट आली, दार यायचंय

सुताराच्या घरात नांदून मला चाळीस वर्षं झाली. शाळा तिसरीत सोडली, पण फळीवर नुसता हात फिरवून ती किती पाणी प्यायली आहे ते सांगते. त्यामुळे सूनबाईचा नवा कंप्युटर मीच आणणार, असं मी जाहीर केलं तेव्हा नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. इथंच चुकलं. माझं नव्हे, त्यांचं.

सूनबाई एका फर्निचर कंपनीसाठी स्वयंपाकघरांचे नकाशे काढते, आमच्या मधल्या खोलीत बसून. कंपनीचे नकाशे मोठे होत गेले आणि तिचा कंप्युटर जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दर दोन मिनिटांनी दम खाऊ लागला. साहेबांनी कळवलं, महिनाअखेरीपर्यंत चांगलं मशीन बसवा, नाहीतर इथं ऑफिसात येऊन काम करा. ऑफिस सात तासांवर! सून गेली की मुलगा जाणार, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता. ती पाणी प्यायला उठली तरी हा मागोमाग जातो.

"कुणी कुठे जायचं नाही," मी म्हटलं. "मी बसलेय ना अजून."

दुकानदार जाड चष्म्याचा, बोलायला मऊ. त्यानं मला सगळं समजावलं. कंप्युटरच्या पोटात एक बोर्ड असतो. बोर्डावर चौकोनी बैठक असते, तिला सॉकेट म्हणायचं, आणि त्या बैठकीत प्रोसेसर बसतो. सगळी अक्कल त्या प्रोसेसरची. जुन्या बैठकीचा बोर्ड घेतला तर त्याचा प्रोसेसर हजर होता. नव्या बैठकीचा घेतला तर सध्या फक्त मोठे, महागडे प्रोसेसर मिळत होते. लहान, परवडणारे यायचे होते, बहुतेक पंधरा दिवसांत. तो म्हणाला, काकू, जुनाच घ्या, स्वस्तही पडेल आणि काम आजच्या आज होईल.

जो दुकानदार स्वस्त वस्तू घ्या म्हणतो त्याच्या मनात काळंबेरं असतं, हे मला पक्कं ठाऊक. पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारतो आहे! मी त्याला सुनावलं, की आमच्याकडे चौकट आधी उभी करतात, दार मागून येतं. आणि नव्या बैठकीचा बोर्ड घेऊन घरी आले.

त्याच संध्याकाळी जुना कंप्युटर धाकट्या जावेला देऊन टाकला. गल्लीतल्या चार बायका बघत होत्या ती वेळ साधून. सूनबाई हळूच म्हणाली होती, आई, नवा सुरू होईपर्यंत राहू द्या की. पण देणाऱ्यानं मागे वळून बघितलं तर देण्यात शोभा काय राहिली?

पंधरा दिवस झाले. दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात म्हणाला, अजून कळवलं नाही. कंपनी मोठे प्रोसेसर आधी काढते, ते विकून झाले की मग लहानांचं बघते. मी विचारलं, म्हणजे पैसेवाल्यांचं आधी आणि आमच्यासारख्यांचं उरल्यावर? तो म्हणाला, हो काकू, अगदी तसंच. असा सरळ कबूल करणारा माणूस फार त्रासदायक. भांडताच येत नाही.

इकडे सूनबाईचं काम तुंबलं. ती म्हणाली, तोवर काकूंकडे बसून जुन्या मशीनवर थोडंफार उरकते. माझी सून, आणि धाकटीच्या दारात जाऊन बसणार? मी साफ नाही म्हटलं. तिनं रजा टाकली आणि आठ दिवस घरातली कपाटं आवरली. कपाटाची दारं जरा जोरात लागत होती.

महिना संपायला पाच दिवस उरले तेव्हा मी जावेकडे गेले. म्हटलं, कंप्युटर दे, धूळ काढून आणते, तुझ्याकडे फडकं फिरत नाही.

"ताई, दिलेला परत नेताय का?" तिनं विचारलं.

"परत कशाला? उद्या देते," मी म्हटलं.

मुलगा कामावर, सून बाजारात. ह्यांनी कंप्युटर खोलला, जुना प्रोसेसर काढला आणि मापं घेतली. लांबी तीच, रुंदी तीच. फक्त कडेच्या दोन बारीक खाचा नव्या बैठकीशी जुळत नव्हत्या. दोन केसांचा फरक. हे माझ्याकडे बघत राहिले.

"दार अडकलं तर तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"रंधा मारतो."

"मग?"

रंधा काही त्या नखाएवढ्या वस्तूवर चालेना. ह्यांनी सगळ्यात बारीक कानस घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि दोन्ही खाचा सरकवल्या. फुंकर मारून भुगा उडवला. बैठकीत ठेवला तर असा बसला, की मध्ये कागद जाणार नाही. एवढं सुबक काम ह्यांनी माझ्या लग्नातल्या पेटीवरही केलं नव्हतं. मग वरची पट्टी दाबली. कर्र झालं. मी म्हटलं, नवीन आहे, जरा कुरकुरणारच.

बोर्ड जुन्या कंप्युटरच्या डब्यात बसवून ह्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

मुलानं येऊन प्रोसेसर उचलला. खाली बैठकीत केसाहून बारीक अशा शेकडो तारा, तुडवलेल्या गवतासारख्या आडव्या. बोर्ड मेला आणि कानस लागलेला जुना प्रोसेसरही मेला. मुलगा चिडला असता तर मी दोन शब्द ऐकवले असते. तो नुसता बापाची कानस पुसून जागेवर ठेवायला गेला.

सूनबाई पलंगाच्या कडेवर बसली. "आई, मला एकदा विचारायचं तरी होतं," ती म्हणाली. मग साहेबांना फोन लावला.

पहिल्या तारखेला दोघं गेली. मुलानं पटाशा नेल्या, करवती ठेवल्या. म्हणाला, तिकडे जागा लहान आहे.

ती जाऊन दहा दिवस झाले आणि दुकानदाराचा फोन आला. लहान प्रोसेसर आला होता, आणि यादीत पहिलं नाव माझं होतं. त्यानं अभिनंदनसुद्धा केलं. तोवर जाऊ रोज सकाळी विचारत होती, धूळ निघाली का हो, ताई? शेवटी पुन्हा नवा बोर्ड घेतला, त्यात तो प्रोसेसर, आणि सगळं तिच्या घरी पोचवलं. दुकानदारानं प्रोसेसर बैठकीत दोन बोटांनी ठेवला. जोर नाही, आवाज नाही.

आमच्या घरात दोन फोन, दोन्ही बटणांचे. म्हणून मुलगा-सून दर रविवारी जावेच्या पडद्यावर दिसतात. परवा सूनबाई तिकडून म्हणाली, आई, जरा पुढे या, तुम्ही अर्ध्याच दिसताय. मी खुर्ची पुढे ओढली.

"ताई," जाऊ म्हणाली, "आता मी दिसत नाहीये."

मी बाजूला सरकले.