शून्याच्या कप्प्यातलं घर

"आता पाण्याच्या टँकरची पाळी कॉम्प्युटर लावणार! वशिला बंद!" उत्तरेश्वरानं दूध संस्थेत छाती फुगवून सांगितलं. वशिला एकच उरला होता, त्याचा स्वतःचा!

दुष्काळानं विहिरी आटल्या आणि त्याची बायको कमल तुळजापूरला माहेरी निघून गेली. "संस्थेत नोकरी, अन् घरात घोटभर पाणी न्हाय! टँकर आला तरच येईन!" तिच्यावाचून घर खायला उठायचं. भाकरी रोज करपायची आणि करपली म्हणून बोलायलाही कुणी नव्हतं.

सोलापूरला दर रविवारी जाऊन तो नुकताच कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधले क्लास आणि अ‍ॅरे शिकला होता. क्लास म्हणजे साचा: घर कुणाचं, माणसं किती, पाणी किती. त्या साच्यातून एकेका सभासदाचं घर काढायचं आणि अ‍ॅरे नावाच्या कप्प्यांच्या रांगेत बसवायचं. टँकर त्याच रांगेनं जाणार. चेअरमन आबारावांच्या हुकमानं नोकराचं घर शेवटी होतं. पण उत्तरेश्वराच्या ध्यानात आलं, की कप्पे शून्यापासून सुरू होतात आणि आपण शून्याचा कप्पा रिकामाच ठेवलाय. एकाच्याही आधीची जागा! त्यानं आपलं घर उचलून तिथं बसवलं आणि निरोप धाडला, "ये. पहिलं पाणी आपलंच!"

कमल आली. केसात अबोली माळून, घागर घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. त्याला वाटलं, पाणी नाही आलं तरी चालेल, ही अशीच उभी राहू दे.

टँकर आला आणि भर्रकन पुढं गेला!

"ईरण्णा! आरं, आमचं घर!" उत्तरेश्वर धावत सुटला. आबारावांच्या दारात ड्रायव्हरनं छापील कागद दाखवला. "तुमचं नाव न्हाय की ह्यात, साहेब."

त्यानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. घर शून्यावर हलवलं, पण छापायची मोजणी जुनीच राहिली होती, एकपासून! शेवटी राहिला असता तर संध्याकाळपर्यंत पाणी तरी मिळालं असतं.

आबारावांनी कागद बघितला आणि ते गहिवरले. "सभासदांसाठी सोताचं घर गाळलं! ह्याला म्हणत्यात सहकार!" पाण्याला जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगावं तर नोकरीवर पाणी!

मागं कमल उभी होती. "तुमी आपलंच घर गाळलं व्हय?"

"अगं, म्या तर सगळ्यात आधी..."

"बास!"

रिकामा टँकर परत भरायला निघाला, तेव्हा मात्र उत्तरेश्वराच्या दाराशी थांबला. कमल पिशवी घेऊन वर चढली.

"आता कसा थांबलास रं, ईरण्णा?"

"कागदात पाण्याचं हाय, साहेब. वैनींना फाट्यावर सोडू नगं, असं कुठं लिवलंय?"

धुरळा बसेस्तोवर उत्तरेश्वर रस्त्याकडं बघत राहिला. अबोलीचं एक फूल अजून उंबऱ्यात पडलं होतं. तेवढ्यात पाठीवर थाप पडली.

"शाब्बास!" आबाराव म्हणाले. "पुढच्या खेपेलाबी असंच ठिव!"