स्वस्त का, ते विचारणे

कोल्हापुरात मुक्काम कुठल्या पेठेत करावा, यावर अण्णासोंनी अकरा वर्षं विचार केला, आणि उत्तर सापडल्यावर महिन्याभरात ते वारले.

अण्णासो गडहिंग्लजच्या मार्केट यार्डात तोलार होते. गुळाची ढेप काट्यावर चढायच्या आधी तिचं वजन त्यांच्या तोंडात असे. बायकोला, मीनाबाईंना, त्यांनी कोल्हापूर पुष्कळ वेळा दाखवलं. पण सकाळच्या एसटीनं नेलं आणि शेवटच्या एसटीनं परत आणलं. मीनाबाईंचं मागणं एवढंच होतं की एकदा तिथं राहावं आणि पहाटे गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देतात ते फेसाचं दूध प्यावं. गडहिंग्लजची एसटी पोचेपर्यंत म्हशी घरी गेलेल्या असत.

अण्णासो गेल्यावर त्यांच्या वजनांच्या पेटीत शालनला एक वही सापडली. शालन त्यांची एकुलती मुलगी, हायस्कुलात शिकवायची, घरात पुस्तकांची दोन कपाटं तिचीच. वहीत अण्णांनी एकेक पेठ तोलली होती. 'शाहूपुरी. स्टँडजवळ. रात्रभर हॉर्न. ढेकूण आहेत, मालक नाही म्हणतो.' 'महाद्वार. देवळाच्या दारात. दर ऐकून देवीच आठवते.' 'मंगळवार पेठ. शेजारी तालीम. पहाटे चारला शड्डू.' आणि शेवटच्या पानावर, 'गंगावेश. आक्काताईंचा माळा, दूध कट्ट्यामागे. स्वच्छ. सर्वांत स्वस्त. स्वस्त का, ते विचारणे.'

पुढची पानं कोरी होती.

अण्णा गेल्यापासून मीनाबाईंचं जेवण चतकोर भाकरीवर आलं होतं. घरात अण्णांची बहीण धोंडुबाई मुक्कामाला होती आणि तिची नजर भावजयीच्या ताटावरून हलत नव्हती. पोळकं अंगावर लोंबायला लागलं. एक माणूस गेलं, दुसरं डोळ्यांदेखत निघालंय, असं शालनला वाटू लागलं. नाताळची सुट्टी लागली तशी ती धोंडुबाईला म्हणाली, "आईला कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवून आणते." आणि आईला, एका ट्रंकेला आणि त्या वहीला घेऊन ती एसटीत बसली. कुणाला पत्र नाही, निरोप नाही.

आक्काताईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. दार उघडंच होतं. साठीची, दणकट बांध्याची बाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली.

"आलासा? बरं झालं. वर तीन गाद्या घातल्यात."

शालन जागच्या जागी थांबली. "तीन?"

"तिघंच की तुमी. पावणं कुठं हायत? मागनं येत्यात?"

शालननं मागं वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती. 'वारले' हा शब्द तिनं महिन्याभरात एकदाही तोंडातून काढला नव्हता; शाळेच्या रजेच्या अर्जातसुद्धा 'घरगुती अडचण' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "त्यांना... जमलं नाही यायला."

"बरं," आक्काताई म्हणाल्या. जणू काही फार फरक पडत नव्हता.

"पण आम्ही येणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

आक्काताईंनी बोट वर करून तिला गप्प केलं. लांबून हलगी वाजत होती, सावकाश. गल्लीच्या तोंडाला माणसं दिसली, मग खांद्यावरची तिरडी. आक्काताईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. मंडळी दारावरून नदीकडं गेली. उंबऱ्यापाशी चुरमुरे सांडले.

"ह्यो रस्ता पंचगंगेवर जातोय," सूप परत मांडीवर घेत त्या म्हणाल्या. "दिसाचं दोनतीन तर जात्यात. थंडीत जरा जास्त. म्हणून तर स्वस्त हाय खोली. न्हाईतर गंगावेशीत ह्या पैशात कोण देतंय?"

वहीतल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो पुन्हा विचारायचा तर पहिल्यांदा 'वारले' हा शब्द उच्चारावा लागणार होता. शालन ट्रंक उचलून जिना चढली.

माळा खरोखर स्वच्छ होता. तीन गाद्या ओळीनं घातलेल्या, तिसरी खिडकीला लागून. थोड्या वेळानं चहा आला. तीन कप.

"आम्ही दोघीच आहोत," शालन म्हणाली.

"व्हय की," आक्काताई म्हणाल्या आणि तिसरा कप खिडकीत ठेवून खाली गेल्या.

शालन तोंड धुवायला मोरीवर गेली. परत आली तेव्हा आई गादीवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तिचा कप अर्धा तसाच होता. खिडकीतला तिसरा कप रिकामा होता. रिकामा, विसळलेला आणि बशीवर उपडा.

अण्णा कप उपडा ठेवत. चहा झाला की विसळायचा आणि उपडा घालायचा. 'सरळ भांडं म्हणजे अजून मागतंय,' असं ते म्हणत.

मांजर, असं शालननं मनाशी ठरवलं. आपण शिकलेलो आहोत, हेही एकदा स्वतःला सांगितलं. कप उपडा घालणारं मांजर तिच्या दोन कपाटांत कुठंच नव्हतं, तेवढा भाग तिनं सोडून दिला.

संध्याकाळी ताटंही तीन आली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. मीनाबाईंनी नेमानं चतकोर खाल्ली आणि हात धुतला.

"आई, अजून थोडं घे ना."

"नगं बाई. घशाखाली उतरत न्हाय."

तिसरं ताट खिडकीत झाकून ठेवलं होतं. शालन कंदिलाची काच मागायला खाली गेली आणि वर आली, तेवढ्यात ताट धुऊन भिंतीला उपडं लागलं होतं. मीनाबाई गुडघ्याला मिठी मारून बाहेरच्या अंधाराकडं बघत होत्या.

"इथं कोणी आलं होतं?"

"कोण येणार?" मीनाबाई म्हणाल्या. "यायचं ते मानूस गेलं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन उठली तर तिसऱ्या गादीवर खळगा पडलेला. लांबट, एका माणसाएवढा. चादर एका अंगाला जरा ओढलेली. तिनं काही न बोलता चादर झटकली.

दोघी अंबाबाईला गेल्या, रंकाळ्यावर बसल्या. दुपारी परतताना समोरच्या गोठ्यातून घोड्याला खरारा करणारा माणूस पुढं आला. "राम राम, बाई. मी दस्तगीर. टांगा हाय माझा. वडील आलं न्हवं तुमचं?"

शालननं पिशवी खाली ठेवली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय की! पहाटं कट्ट्यावर बघितलं. त्योच करडा कोट, कानाला मफलर. मी हाक मारली, 'आवं अण्णासो!' वळलं न्हाईत. ग्लास उपडा ठेवला आन् धुक्यात गेलं."

"तुम्ही त्यांना ओळखता?"

"म्हंजे काय! दसऱ्याला माझ्याच टांग्यातनं सगळ्या पेठा फिरलं की. दिसभर! प्रत्येक खोलीत जायचं, गादी हातानं दाबून बघायची, आन् म्हणायचं, 'न्हाई, चला.' माझा घोडा टेकीला आला, पावणं न्हाई आलं. शेवटाला इथं आक्काताईकडं येऊन म्हणलं, 'हां.' पैसं बी तिथंच मोजून दिलं, तिघांचं, नाताळच्या सुट्टीचं. कोट काय त्या उन्हात बी काढला न्हाई. असला कोट इसरीन व्हय मी?"

दसऱ्याला अण्णा 'निपाणीला वजनं तपासायला जातो' म्हणून गेले होते. जन्मात एवढं एकच खोटं ते बोलले असतील. तीन गाद्यांचं कोडं सुटलं, आणि ते सुटल्यावर दुसरं कोडं जास्तच काळं झालं. कारण दस्तगीर त्यांना नीट ओळखत होता.

"आई," जिन्यात शालन म्हणाली, "ऐकलंस ना तू?"

मीनाबाई पुढं चढत होत्या. त्यांनी मागं पाहिलं नाही. "दस्तगीरला कमी दिसतंय वाटतं," एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी खिडकीखालून दोन तिरड्या गेल्या. शालन प्रत्येक वेळी खिडकीशी उभी राहून मागून चालणारी माणसं बघत होती. करडा कोट दिसतो का, ते आपण बघतो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं खिडकी लावून घेतली. तिसरं ताट त्या संध्याकाळीही रिकामं झालं. शालन पाणी भरायला गेली होती, तेवढाच वेळ.

तिसऱ्या दिवशी पहाटे म्हशींच्या घुंगरांनी तिला जाग आली. खोलीत फटफटायला लागलं होतं. आईची गादी रिकामी. तिसऱ्या गादीवर परत तोच खळगा, आणि ती रिकामी.

शालननं खिडकी उघडली. नदीवरून आलेलं धुकं गल्लीत गुडघाभर साचलं होतं. कट्ट्यावर एक कंदील, दोन म्हशी, खाली बसलेला गवळी. आणि पाठमोरा उभा, करडा कोट. डावा खांदा जरा उतरलेला. चाळीस वर्षं काट्याच्या एका बाजूला उभं राहून कोटाचाच तसा बाक झाला होता. डोक्याला मफलर. कोटानं ग्लास तोंडाला लावला, मान मागं टाकून संपवला, विसळला आणि कट्ट्यावर उपडा ठेवला. मग गवळ्यासमोर दुसरा ग्लास धरला.

शालन अनवाणी जिना उतरली. उंबऱ्यात आक्काताई चूल पेटवायला शेणी मोडत होत्या, त्या काहीतरी म्हणाल्या. तिनं ऐकलं नाही. धुक्यात चार पावलं गेल्यावर तिचे पाय थांबले. महिनाभर अडवून धरलेली हाक आपोआप बाहेर पडली.

"अण्णा?"

कोट वळला. वरच्या ओठावर फेसाची पांढरीशुभ्र मिशी होती, आणि तिच्या वर मीनाबाईंचं नाक.

"आगं, चप्पल तर घालायची," मीनाबाई म्हणाल्या. "गार हाय फरशी."

"आई! अण्णांचा कोट घालून काय करतेयस तू इथं?"

"थंडी हाय म्हणून घातला. ट्रंकेत तळाला ठेवलाता. त्यांचं अंथरूण घातलंया, तर राती त्यो पांघरून तिथंच निजत हुतो. मोकळी गादी बघवंना मला."

"मग ते कप? ती ताटं?"

मीनाबाईंनी कंदिलाकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं. लेकीकडं मात्र बघितलं नाही.

"मीच खाल्लं. त्यांचं ताट टाकायचं कसं? एक शीत टाकू द्यायचं न्हाईत त्ये."

"अगं, पण माझ्यासमोर चतकोर भाकरी!"

"लाज वाटती गं," मीनाबाई हळूच म्हणाल्या. "मानूस जाऊन सव्वा म्हयना न्हाई झाला आन् मला भूक लागतीया. सपाटून लागतीया. वन्सं म्हंत्यात, आता जिभेला आवरायचं. माझ्या वाटणीचं आवरतो मी. पर त्यांच्या वाटणीचं कोण आवरणार? म्हणून तू खाली गेलीस की त्यांचं खाऊन घेत हुतो. काल पहाटं दस्तगीरनं हाक मारली तवा तर पळालोच मी."

शालन कट्ट्यावर बसली. तिला हसू आलं. आक्काताई चालत आल्या तशी ती उठली आणि एका दमात म्हणाली, "आक्काताई, माझे वडील वारले. कार्तिकात. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"म्हाईत हाय की," आक्काताई म्हणाल्या. "आल्या आल्या तू मोरीवर गेल्तीस, तवाच आईनं सांगितलं."

"माहीत होतं? मग तीन-तीन ताटं का वाढत होता?"

"म्हंजे? पैसं तिघांचं घेतल्यात मी. मानूस आलं न्हाई म्हणून त्याचं ताट गिळू व्हय? मला ह्याच पेठेत र्‍हायाचं हाय, न्हवं?" त्यांनी कमरेचा बटवा सोडला. "आन् दुसरं. त्यांची चिठ्ठी हाय. दसऱ्याला लिवून ठिवली माझ्याजवळ. मला वाचाय येत न्हाय, पर त्यांनी वाचून दावली हुती. शेवटच्या दिवशी देणार हुतो. आता कालवाच एवढा झालाय तर घे."

चिठ्ठी वजनाच्या पावतीमागं लिहिली होती. तेच उभं, टोकदार अक्षर. शालननं कंदील जवळ ओढला आणि मोठ्यानं वाचली.

'मुक्काम तीन दिवस, माणसे तीन. दूध रोज तीन ग्लास सांगावे. मला दूध सोसत नाही. माझा ग्लास आमच्या मंडळींना द्यावा. दोन म्हटले तर ती घेणार नाही, म्हणून मी पिऊन गेलो असे सांगावे. अण्णासो.'

गवळ्यानं धार थांबवली. खाली नदीच्या बाजूला धुकं पातळ व्हायला लागलं होतं. मीनाबाईंनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, त्याच बाहीनं फेसाची मिशी पुसली.

"बघ की गं," त्या म्हणाल्या. "म्हंजे तीन दिस मी माझंच चोरून खाल्लं."

आणि कट्ट्यावरचा उपडा ग्लास त्यांनी उचलला आणि सरळ करून गवळ्यापुढं धरला.