निरोपाचे जेवण, रोपवेसह

निसर्गाचे रौद्र रूप पाहायला निघालेल्या माणसाला मुख्यतः दोन गोष्टी लागतात: परतीची खात्री आणि स्वच्छतागृह. या दोन गोष्टी चोख पुरवल्या, की रौद्र रूप थोडे कमी पडले तरी कोणी कुरकुर करत नाही. एटना ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर, पेत्रानेरा गावात रोपवे बांधणाऱ्या कंपनीने हा शोध लावला, आणि त्याबद्दल तिचे करावे तेवढे कौतुक थोडेच आहे.

रोपवेची व्यवस्था अशी. ज्वालामुखी शांत असला की रोपवे चालू. ज्वालामुखी जागा झाला की सरकारी हुकमाने रोपवे बंद. म्हणजे बघण्यासारखे काही असते त्या दिवशी वर जाता येत नाही, आणि वर जाता येते त्या दिवशी बघण्यासारखे काही नसते. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी कधी धंदा केलेला नाही. कंपनीच्या पाहणीनुसार शंभरातल्या एक्याण्णव प्रवाशांना ज्वालामुखी पाहायचा नसतो, ज्वालामुखीवर गेलो होतो असे सांगायचे असते. (उरलेले नऊ जण चुकीच्या बसमध्ये चढलेले असतात.)

‘एकदिवसीय मार्गदर्शित सहली’त हेल्मेट, भाड्याचे जाकीट, रोपवेची जाऊन-येऊन फेरी, काळ्या खडीवरून चालणे, विवराच्या दिशेने बघणे, टोकदार आरांचिनोचे, म्हणजे भाताच्या तळलेल्या गोळ्यांचे, जेवण आणि ‘उष्ण दगडाचा अनुभव’ एवढ्या गोष्टी येत. डोंगर थंड असताना दगड उष्ण कसा, असा प्रश्न प्रवाशांना पडत नसे. पडू नये म्हणूनच तो दगड सकाळी कॅफेच्या पिझ्झाच्या भट्टीत भाजून, फडक्यात गुंडाळून, प्रवाशांच्या आधी वर पोचवला जाई. एकदा एका दगडाला चीज चिकटलेले निघाले. प्रवाशांनी ते गंधक समजून त्याचा वास घेतला आणि समाधानाने माना डोलावल्या.

हा दगड खडीत पुरून, थोड्या वेळाने तोच अचानक सापडल्यासारखा उकरून काढणे, हे आगातिनो लिचारदेल्लो या मार्गदर्शकाचे काम होते. आगातिनो चौपन्न वर्षांचा, पेत्रानेरातच जन्मलेला. डोंगर कधी खोकतो आणि कधी खरोखर आजारी असतो, हे त्याला झोपेतही कळे. मात्र प्रवाशांना ही माहिती नको असल्याने तो ती देत नसे. गावातली माणसे डोंगराला नावाने हाक मारत नाहीत, नुसते ‘ती’ म्हणतात. ‘ती रात्रभर कण्हत होती’, ‘आज तिचं काही खरं नाही’ वगैरे. नाव घेतले तर ती मागे वळून बघेल, अशी त्यांची समजूत आहे, आणि आजवर ती बऱ्याचदा वळलेलीही आहे.

उतरताना प्रत्येक प्रवासी मार्गदर्शकाला पाचपैकी तारे देई. आगातिनो कित्येक वर्षे मोसमी नोकर होता. दर वसंतात त्याला ठेवत आणि दर शरदात विसरत. या वसंतात व्यवस्थापक दोत्तोरे स्पाम्पिनातो (म्हणजे डॉक्टर; कशाचे, ते कोणी विचारले नव्हते) यांनी त्याला बोलावून स्पष्टच सांगितले, “आगातिनो, या मोसमात सरासरी साडेचारच्या वर राहिली तर तू कायमचा. नाहीतर खाली वाहनतळावर एक जागा रिकामी आहे. छत्री कंपनी देईल.”

आगातिनोची सरासरी तेव्हा चारच्या जरा वर लोंबकळत होती. प्रवाशांच्या तक्रारी रास्तच होत्या. ‘धूर छायाचित्रापेक्षा कमी.’ ‘सगळे दगड एकाच रंगाचे.’ ‘मार्गदर्शक चढावर श्वास घेतो.’ बर्गामोच्या एका गृहस्थांनी नुसते ‘ज्वालामुखीने आमची दखल घेतली नाही’ एवढेच लिहून दोन तारे दिले होते, आणि दोत्तोरेंनी त्याबद्दल आगातिनोकडून लेखी खुलासा मागवला होता.

मे महिन्यात ज्वालामुखीने दखल घेतली. विवरातून नाही, बऱ्याच खाली, हेझलनटच्या बागांच्या वरच्या अंगाला जमीन फाटली आणि लाव्हा निघाला. त्याला कसली घाई नव्हती. पुढे काळ्या कोळशांचा घराएवढा ढीग, आत लाल, आणि पुढे सरकताना फुटक्या कपबशा ओतल्यासारखा आवाज. शास्त्रज्ञांनी नकाशावर त्याची वाट आखली. त्या वाटेवर एकच घर होते. ते आगातिनोच्या थोरल्या बहिणीचे, वेनेराचे.

वेनेराने लग्न केले नव्हते. आईवडिलांमागे ती त्या घरात एकटी राहून बाग सांभाळत होती, आणि दर रविवारी आगातिनोला जेवायला घालून त्याची अक्कल काढत होती. अग्निशमन दलाने तिला घर रिकामे करायला सांगितले. तिने पलंग, कपाटे आणि कोंबड्या शेजाऱ्यांकडे धाडल्या आणि घराला चुना लावायला घेतला.

आगातिनो धावत आला तेव्हा ती शिडीवर होती.

“ताई, खाली उतर! अगं, जाणाऱ्या घराला चुना कसला लावतेस?”

“का? तुझ्याकडे पाहुणी येणार असली तर तू कोळिष्टकं दाखवतोस?” वेनेरा म्हणाली. “एवढ्या लांबून चालत येतेय ती. आजी काय करायची विसरलास? घर झाडायचं, दार उघडं ठेवायचं, टेबलावर भाकरी आणि वाइन ठेवायची. खाऊन-पिऊन शांत झाली तर मागे फिरेल. नाही फिरली तर निदान नावं तरी ठेवणार नाही.”

“आजीचं घर वाचलं का?”

“नाही. पण बादली दे.”

पेत्रानेरात हे असेच करतात, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. विशेष वाटले ते दोत्तोरे स्पाम्पिनातोंना. वरचा रोपवे हुकमाने बंद झाला होता, पण मधल्या स्थानकापर्यंत पाळणे चालवायला परवानगी होती. आणि मधल्या स्थानकावरून वेनेराचे घर, तिची बाग आणि मागून सरकणारा लाव्हा हे सगळे एका चौकटीत बसत होते. मग वाकडी वाट करून पंधरा मिनिटे खाली उतरले की थेट टेबलाशी.

“आगातिनो,” दोत्तोरे गहिवरून म्हणाले, “तुझी बहीण म्हणजे आपल्या प्रदेशाचा ठेवा आहे रे. तो असा एकट्यानं जळून चालणार नाही.”

‘निरोपाचे जेवण, रोपवेसह’ या सहलीची जाहिरात दुसऱ्याच दिवशी लागली. वेनेराला विचारण्याचे काम अर्थातच आगातिनोवर आले. त्याने मान खाली घालून नोकरीचे सांगितले.

“आण,” वेनेरा म्हणाली. “पण टेबलाला हात लावायचा नाही. ते ताट तिचं आहे.”

पहिल्या तुकडीने ताट संपवले. मार्गदर्शनात ‘कृपया खाऊ नये’ असे वाक्य होते, पण ते वाइनच्या नंतर आले. वेनेराने दुसरे ताट मांडले. दुसऱ्या दिवशी तिसरे. लाव्हा दिवसाला जेमतेम एखादे झाड गिळत होता, आणि पाळणे दर वीस मिनिटांनी येत होते. हिशेब कोणाच्या बाजूने होता ते उघड आहे. लवकरच ताटाचे दोन भाग करण्यात आले: एक प्रवाशांचा, एक दाखवण्याचा. वेनेरा उंबऱ्यावर उभी राहून घराच्या भिंतीवरून हात फिरवी, तेव्हा मोबाइल वर जात आणि बायका डोळे टिपत. एका तुकडीने भिंतीवरून हात पुन्हा एकदा, जरा उजेडाच्या बाजूने फिरवायची विनंती केली.

“मी काय सर्कशीतलं अस्वल आहे का?” वेनेराने आगातिनोला आत बोलावून विचारले.

“थोडे दिवस गं, ताई.”

“थोडे दिवस म्हणजे कधीपर्यंत?”

याचे उत्तर दोघांनाही माहीत होते, म्हणून आगातिनो पुढच्या तुकडीला आणायला निघाला.

त्याची सरासरी चार पूर्णांक नऊवर गेली. रोपवेच्या इतिहासात एवढे तारे कोणाला मिळाले नव्हते. शब्दही सुरेख होते: ‘अस्सल.’ ‘हृदयद्रावक, आणि वाइनही चांगली.’ ‘मुलांनी आयुष्यभर लक्षात ठेवावे असे दुःख.’

पण दुःखालाही वेळेवर यावे लागते. दुसऱ्या आठवड्यात सूर बदलला. लाव्हा बागेच्या टोकाशी, वडिलांनी रचलेल्या दगडी बांधामागे येऊन रेंगाळला. ‘घर अजून उभेच आहे,’ असे एकाने खेदाने लिहिले. ‘जाहिरातीत निरोप म्हटले आहे, प्रत्यक्षात नुसती वाट पाहणे,’ असे दुसऱ्याने. सरासरी दाढदुखीसारखी रोज थोडी थोडी आगातिनोला जाणवू लागली. रात्री अंथरुणावर पडून तो आवाज ऐकायचा, आणि कपबशा फुटायचा आवाज मंदावला की त्याला धास्ती वाटायची. धास्ती कशाची वाटते आहे हे त्याला कळे, तेव्हा तो उठून पाणी प्यायचा.

दोत्तोरेंनी प्रश्नाकडे तटस्थपणे पाहिले. अडथळा बांधाचा होता. बांध दृश्यात आडवा येत होता, म्हणजे तो सौंदर्याच्या दृष्टीनेही चुकीचाच होता. लाव्हाची वाट वळवणे हा गुन्हा आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण वाट मोकळी करणे हा गुन्हा असल्याचे कुठेही म्हटलेले नव्हते.

“चार-सहा दगड फक्त,” ते म्हणाले. “शनिवारी तीन बस येताहेत रे. आणि घर तर जाणारच आहे. आपण फक्त त्याला तारीख देतोय.”

शनिवारी सकाळी, पाळणे सुरू व्हायच्या आधी, आगातिनो पहार घेऊन बांधाशी गेला. पलीकडून भट्टीच्या तोंडाशी उभे राहावे तशी धग येत होती. या वेळी दगड खरोखरच गरम होते. त्याने एक काढला, दुसरा काढला. तिसऱ्याला पहार लावली तेव्हा मागे झाडूचा आवाज थांबला.

“काय चाललंय?” वेनेराने विचारले.

“काही नाही. हे दगड... फोटोत आडवे येतात.”

“कोणाच्या फोटोत?”

आगातिनोने घाम पुसला. वेनेरा जवळ आली, काढलेले दगड तिने पाहिले, आणि आवाज न चढवता म्हणाली, “लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, आगाती. धोंडा काढून घेणारा तूच पहिला. पक्की नोकरी लागली की रविवारी जेवायला कुठं जाशील रे? दोत्तोरेंकडे?”

आगातिनोला लाज वाटली. अशी, की धग बांधाची की तोंडाची ते कळेना. तो खाली बसला आणि लहानपणी रडत असे तसा, नाक ओढत रडला. वेनेरा झाडूवर रेलून उभी राहिली. तिने त्याची समजूत काढली नाही.

“झालं?” थोड्या वेळाने ती म्हणाली. “आता ते दगड परत लाव. मोठा खाली. तुला बांध रचता कधी आला नाही.”

त्याने दगड परत लावले. हात पोळले. (पोळलेल्या हातांबद्दल कंपनीचे मलम उपलब्ध होते, मात्र ते फक्त प्रवाशांसाठी.)

दुपारी तीन बसचे प्रवासी पाळण्यातून उतरले आणि टेबलाभोवती उभे राहिले. सगळे मोबाइल बांधाकडे रोखलेले. वेनेरा उंबऱ्यावर. लाव्हा बांधावर टेकला, एक कोळसा गडगडत अलीकडे आला, हेझलनटच्या मुळाशी थांबला, आणि त्यानंतर काहीच झाले नाही. काहीच होत नाही हे सगळ्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. वर जमिनीची भेग मिटली होती. ढिगाचा लाल रंग आतल्या आत विझत गेला. कपबशांचा आवाज थांबला. वेनेरा मटकन उंबऱ्यावर बसली आणि तिने दोन्ही तळहातांनी तोंड झाकले.

“थांबला?” मिलानहून आलेल्या एका बाईंनी विचारले.

“थांबला, बाई!” आगातिनोचा आवाज फाटला होता. “घर वाचलं!”

“हो, ते दिसतंय,” बाई म्हणाल्या. “पण आम्ही उद्या निघतोय.”

त्या दिवशी आगातिनोला सगळे मिळून जेवढे तारे मिळाले, तेवढे ढगाळ रात्रीही दिसतात. दोत्तोरेंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून निसर्गावर आपले नियंत्रण नसल्याचे मान्य केले आणि त्याला छत्री दिली. आता तो वाहनतळावर उभा राहून बसना मागे घ्यायला मदत करतो. रविवारी बहिणीकडे जेवतो. आता त्याला भाजलेला दगड पुरावा-उकरावा लागत नाही, आणि त्याची झोप चांगली आहे.

कंपनीने या अनुभवातून बोध घेऊन प्रेक्षकांच्या अपेक्षांची नवी पाहणी केली आहे. तिच्यात असे आढळले, की घर वाचावे असे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना मनापासून वाटते. फक्त ते आपण गेल्यानंतर वाचावे. वाचकही याला अपवाद नाहीत. चुना, ताट, पहार, बांध असे सगळे जुळून आल्यावर लाव्हा नेमका अलीकडे थांबला, तेव्हा ज्यांना किंचित, अगदी किंचित, फसवल्यासारखे वाटले, त्यांनी संकोचू नये. पुढच्या खेपेस त्यांच्यासाठी पुढची रांग राखून ठेवली आहे. घर कोणाचे हवे, तेवढे आगाऊ कळवावे.