अकरा मुक्या काचा आणि बरणीभर धूळ

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या लॅबमध्ये माझ्याइतका काटेकोर माणूस दुसरा नाही! काचेवर नॅनो कणांची पेस्ट फासायची, भट्टीत भाजायची, रंगात बुडवायची आणि त्यावर प्रकाश पाडून वीज काढायची, हे माझं काम. जुन्या पेस्टने प्रकाशातले जेमतेम तीन टक्के हाती लागायचे. लॅबच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत पाच टक्के दाखवा, नाहीतर टेबल रिकामं करा!"

म्हणून नवी पेस्ट केली. बारा काचा घरी आणून धुतल्या. काचेच्या एकाच बाजूने वीज वाहते आणि दिसायला दोन्ही बाजू सारख्याच! मीटर लावून ती बाजू शोधली, तीच वर ठेवून काचा जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि अंघोळीला गेलो. आल्यावर पेस्ट फासली आणि लॅब गाठली.

गुरुवारी मोजमाप. पहिली काच शून्य. दुसरी शून्य. अकरा काचा मुक्या! आणि बारावी? सहा टक्के!

नाचावं की डोकं धरून बसावं, मला कळेना. पेस्ट तीच, भट्टी तीच, रंग तोच. मग हिलाच काय झालं?

घरी येऊन आईची उलटतपासणी घेतली.

"आई, काचांना हात लावलास?"

"पुसल्या फक्त! किती डाग ठेवले होतेस! एकीवर तुझं चष्म्याचं घर होतं, तेवढी राहिली."

न पुसलेली तेवढी चालली! म्हणजे सगळी करामत धुळीची! मी लगेच धूळ शोधायला लागलो. पण आईच्या घरात धूळ? कपाटावर बोट फिरवलं तर बोटच स्वच्छ झालं! शेजारच्या काकूंकडे गेलो.

"काकू, थोडी धूळ मिळेल का? तुमच्याकडे नक्की असेल."

काकूंनी दार लावून घेतलं. शेवटी जिन्याखालची खरवडली आणि चाळून बरणीत भरली.

"अहो, ती पिठाची चाळणी आहे!" बायको किंचाळली. विज्ञानाला कुणाची साथ नसते हेच खरं.

शुक्रवारी मॅडमसमोर बरणी ठेवली. त्यांनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुक्या काचेला मीटर लावला. पेस्टच्या बाजूला काही नाही. मागच्या बाजूला मीटर खणखणीत बोलला.

"पेस्ट उलट्या बाजूला फासलीत. अकराही काचांवर!"

"अशक्य!" मी तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. "आई, पुसल्यावर काचा कशा ठेवल्यास?"

"कशा म्हणजे? पालथ्या! धुतलेलं भांडं कुणी उताणं ठेवतं का?"

मॅडम खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बाराव्या काचेचे सहा टक्के मात्र खरे निघाले आणि माझं टेबल वाचलं. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी काचा आईंनाच मांडू द्या. कुठली बाजू वर आहे, ते त्यांना तरी ठाऊक असतं!"

बरणी अजून माझ्या टेबलावर आहे. घरी आई ती उंबऱ्याच्या आत घेत नाही. आणि काकूंना नेऊन द्यावी, तर त्या दार उघडत नाहीत!